मान वळवलेलं पाखरू

सोलापूर,
वैशाखाचे शेवटचे दिवस

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तरी तुला बोल लावणार नाही, मलाच ते आता परकं वाटतं. कॉम्प्युटरवर चौकोन रंगवून रंगवून हात असा बिघडलाय की ‘दादा’ हा शब्दसुद्धा खोडून परत लिहावा लागला. तुझा जुना नंबर लागत नाही. फेसबुकवर तुझ्या नावाचे ढीगभर युवराज सापडले, त्यातला एकही तू नव्हतास, आणि एकानं तर मलाच लग्नाचं विचारलं. शेवटी तुझ्या पार्सलवरचा कुमासीचा पत्ता अक्षर न अक्षर उतरवून घेतला. घानाला पत्र पोचायला किती दिवस लागतात म्हणून पोस्टात विचारायला गेले, तर खिडकीतल्या बाईंनी घाना कुठं आलं हे मलाच विचारलं. तेव्हा हे तुला मिळेल तेव्हा मिळेल.

वाईट बातमी गुंडाळून द्यायची कला मला जमत नाही, म्हणून आधी तीच देते. आप्पा गेले, दादा. जरा खाली बस, पाणी पी, आणि मग पुढचं वाच. पुढचं सगळं तुला सांगायलाच हवं, कारण आप्पांचं जाणं सरळ नव्हतं आणि त्यात तू पाठवलेलं पाखरू आहे. शिवाय तुझ्याकडे एक मागणं आहे. तू घरी यावंस, एवढंच ते मागणं. पण ते एकट्या माझं नाही, आणि कुणाकुणाचं आहे हे मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर तू हसशील आणि पत्र घडी करून ठेवून देशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

घर तसंच आहे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांची खडखड सकाळी सुरू होते आणि आपण ती ऐकेनासे होतो, तेही तसंच. शेजारची काशम्मा अजून उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करते. तुमच्यासारखी नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोरीनं ओवत बसावं लागत नाही, कॉम्प्युटरवर नक्षी काढली की ती तशीच मागावर जाते. आप्पांना हे काम वाटायचंच नाही. “हाताला गाठ मारायची ठावं न्हाय आन् म्हणं डिझायनर,” असं पाहुण्यांसमोर म्हणायचे. म्हणताना खूश असायचे, हे मात्र मला दिसायचं.

तू गेलास त्या दिवसाचं मी उगाच उकरत नाही, पण पुढचं कळायला ते लागेल. कोरोनाच्या आदल्या वर्षीची ती मोराची चादर. सगळा माल विणून झाला तेव्हा मालकाच्या लक्षात आलं की मोराचं अंग पुढं आणि डोकं पाठीवर आलंय. मानेच्या भागाची कार्डं पालथी ओवली गेली होती. ओवायचं काम तुझ्याकडे होतं, आप्पा कार्डमास्तर, सगळ्या कार्डांची जबाबदारी त्यांची होती, आणि त्यांनी सगळ्या कामगारांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तू एवढंच म्हणालास, “आप्पा, म्या नीट ओवली हुती.” त्यांनी पुन्हा हात उचलला. संध्याकाळी तू बॅग भरलीस. आई दारातून हाका मारत होती, तू वळून बघितलं नाहीस. आधी भिवंडी, मग सुरत, मग कुणाच्या तरी ओळखीनं आफ्रिकेतल्या कापडगिरणीत फिटर म्हणून गेलास, हे आम्हाला इकडून तिकडून कळत गेलं. आप्पांनी तुझं नाव घेणं बंद केलं. आम्हीही त्यांच्यासमोर घेत नव्हतो.

मग यंदा संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तुझं पार्सल आलं. आईनं ते आधी नुसतं छातीशी धरलं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, एक लांबरुंद विटकरी रंगाचं कापड आणि त्यावर काळ्या पाखरांच्या रांगा. आईनं ते खाटेवर पसरलं, हात फिरवला, आणि “माझ्या लेकानं धाडलंय” म्हणून काशम्माला हाक मारली. तेवढ्यात आप्पा कारखान्यातून जेवायला आले. ते दारातच थांबले. प्रत्येक पाखराचे पाय पुढं निघालेले होते आणि मान पार पाठीवर वळलेली होती.

त्यांना काय वाटलं असेल हे तुलाच आणि मलाच कळेल, दुसऱ्या कुणाला सांगून पटणार नाही. दुसऱ्या घरात ते नुसतं पाखरू असतं. आपल्या घरात उलट्या मानेचं पाखरू म्हणजे पालथी ओवलेली कार्डं. आप्पांनी कापडाला हातसुद्धा लावला नाही. “सात समुद्रापल्याडनं मला चिडवतोय की,” एवढं बोलले आणि न जेवता परत गेले. आईनं रडत रडत कापडाची घडी घातली. पाखरं आतल्या बाजूला जातील अशी घातली, हे मी स्वतः बघितलं. ते ट्रंकेत गेलं, ट्रंक खाटेखाली गेली आणि किल्ली आप्पांच्या करदोट्याला. त्या दिवशी मला तुझाही राग आला होता. चार ओळी लिहिल्या असत्यास तर हात झडले असते का तुझे?

त्यानंतर आप्पा मागं वळून बघायला लागले. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. चालता चालता थांबायचे, खांद्यावरून मागं बघायचे आणि पुढं निघायचे. जेवताना घास हातात धरून वळायचे. कारखान्यात पोरांनी आधी चेष्टा केली, कोण उधारीवाला पाठीस लागलाय म्हणून, आणि नंतर चेष्टा थांबली. गौस, तुझ्या शेजारच्या मागावरचा, मला रस्त्यात भेटून म्हणाला, “बेटा, मास्तरको किसीको दिखाओ. वो मुड़के देखते हैं ना, तो अपुनको भी पीछे देखना पडता.” मी हसून टाकलं. मी या असल्या गोष्टी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. अंधाऱ्या मोरीत जायला तू भ्यायचास, मी नाही.

पण एका दुपारी मी घरी होते. उन्हानं पत्रे तडतडत होते आणि अचानक लाईट गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. आपल्याकडे तशी शांतता कधी नसतेच, त्यामुळे ती झाली की कानात काहीतरी घातल्यासारखं वाटतं. आप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी हळूच मान मागं वळवली, भिंतीकडे, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “ओ.” कुणी हाक मारली नव्हती. मी तिथंच होते. काशम्मा उंबऱ्यातून उठून आत आली, तिच्या सुपातली पानं खाली सांडली. “पयल्या हाकंला ओ द्यायचं न्हाई हो मास्तर,” ती म्हणाली, “तीन डाव आल्याबिगर द्यायचं न्हाई.” आप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “माझ्या पोराची हाक मला कळंना व्हय?” ‘माझं पोर’ हे शब्द या घरात इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून निघाले, तेही असे. मला आनंद व्हायला हवा होता. मला थंडी वाजली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि ट्रंक उघडायला लावली. कापड होतं तसं सगळ्यात वर होतं, घडी तशीच होती, फक्त पाखरं बाहेरच्या बाजूला होती. ट्रंकेचं झाकण उघडलं तेव्हा पहिली नजरेला पडली ती एकाच रांगेतली वळलेली डोकी. आई म्हणते मी घडी आतच घातली होती. मीही तेच म्हणते. असेल, आम्हा दोघींची चूक असेल, या घरात नक्षी पालथी पडायची सवयच आहे. आप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा कापडाला बोट लावलं. चादरीचा पोत बघतात तसं अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, उलटं करून बघितलं, परत चोळलं. मग चेहरा बदलला. “हे इणलेलं न्हाय,” ते म्हणाले. “ठसा हाय. हातानं कोरलेला ठसा. म्हंजे मान मुद्दाम वळीवलीय की त्यानं. कारडाची चूक न्हाय ही.” मग माझ्या मोबाईलकडे बोट केलं. “बघ त्यात. कशापायी वळीवलीय इचार त्याला.”

मी पाखराचा फोटो काढून शोधलं. दादा, तुला हे आधीच माहीत असणार, तू तिथं राहतोस, पण मी काय वाचून दाखवलं ते तुला कळू दे. तिथल्या अकान लोकांची ही खूण, नाव सान्कोफा. पाखराचे पाय पुढच्या वाटेवर आहेत, पण मान वळवून ते आपल्याच पाठीवरचं अंडं चोचीत घेतंय. मागं जे राहून गेलं, विसरलं, हरवलं, ते जाऊन घेऊन यावं, त्यात लाज नाही, असा त्याचा अर्थ. माणसानं अधूनमधून आपल्याच पाठीमागं बघावं, आपण काय टाकून आलो ते तपासावं, यासाठी लोक ती खूण घरात ठेवतात, अंगावर घालतात. अशा ठशांचं कापड पूर्वी मयताला निरोप देताना पांघरायचे, असंही पुढं लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही, मनातच गिळलं.

आप्पांनी पाखराच्या चोचीवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “आन् त्ये अंडं कोन?” मी म्हटलं, अंडं म्हणजे कुणी माणूस नाही आप्पा, अंडं म्हणजे राहून गेलेली गोष्ट. त्यांनी मान हलवली, मला काहीच कळत नाही असं हलवतात तशी. “कोन ते सांग,” पुन्हा म्हणाले. तुझ्या कापडाचा अर्थ तू चिठ्ठीत लिहिला असतास तर मी तोच वाचून दाखवला असता. किंवा तोही त्यांना कळला नसता. मला आता वाटतं, तुलाही तो शब्दांत लिहिता आला नसेल. आपण दोघं त्यांचीच मुलं.

मग त्यांनी माळ्यावरची गोणी काढायला लावली. त्यात त्या मोराची कार्डं होती. मालकानं फेकून द्यायला सांगितलेली, आप्पांनी घरी आणून माळ्यावर टाकलेली, हे आईलाही माहीत नव्हतं. भर दुपारी ते खाली फरशीवर बसले आणि माळ सोडल्यासारखी कार्डांची साखळी पायाशी उलगडत गेले. धुळीनं खोकत होते, पण मला हात लावू देईनात. बोटं कार्डावरून नाही, दोरीवरून फिरत होती. मानेची कार्डं आली तिथं बोटं थांबली. तुझी गाठ उजव्या हाताची. आप्पा डावखुरे, त्यांची गाठ उलट्या बाजूनं वळते, आख्ख्या कारखान्यात तशी गाठ दुसऱ्या कुणाची नाही. तू तुझी साखळी नीटच ओवली होतीस, दादा. मधे कधीतरी ती तुटली असणार, तू जेवायला गेला असशील, आणि आप्पांनी घाईत स्वतःच मानेची कार्डं परत ओवून गाठी मारल्या. मारल्या आणि विसरले. एकेक गाठ चाचपून झाली तसे ते माझ्याकडे बघून म्हणाले, “गाठ माझी हाय.” एवढंच. रडले नाहीत, कपाळावर हात मारून घेतला नाही. त्यांनी मान मागं वळवली, दाराकडे, जिथून तू गेलास तिकडे. ती मान परत पुढं आली नाही.

मी शब्दशः सांगतेय. सकाळी उठले तेव्हाही तशीच. आम्ही त्यांना सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मानेचे मणके, स्नायूंचा पेटका वगैरे समजावलं, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. सगळं बरोबरच असेल ते. पट्टा घातला की ते आख्खे वळून बसायचे. जेवण आई डाव्या खांद्याकडून भरवायची. कामावर जाणं बंद झालं. त्यांनी माझ्याकडून ग्राफचा कागद मागून घेतला आणि पाठीमागच्या खुर्चीवर पाट ठेवून, तसंच वळून, तुझ्या पाखराची नक्षी काढायला बसले. चौकोन न चौकोन भरत. मी कॉम्प्युटरवर दुपारभरात केली असती. त्यांना किती दिवस लागले विचारू नकोस. पाय झाले, शेपूट झाली, वळलेली मान झाली, डोळा झाला. चोचीपुढची अंड्याची घरं मात्र रिकामी ठेवली. मी म्हटलं, आप्पा, मी भरू का? तर म्हणाले, “तुजी न्हाईत ती.”

शेवटचा दिवस साधाच होता. दुपारी लाईट गेली, माग थांबले, आप्पा “ओ” म्हणाले आणि परत माग सुरू झाले तेव्हा ते नव्हते. काकांचा शिवराज मोडनिंबहून धावत आला, बाकीचं सगळं त्यानंच केलं. तुला कळवायला हवं म्हणून आई सारखी म्हणत होती, आणि फोन कुठल्या नंबरवर करायचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आंघोळ घातल्यावर त्यांची मान सरळ केली. म्हाळसाबाईनं, ती अशा कामातली जाणती, दोन्ही हातांनी हळूच फिरवली, ती फिरली, उशाला दोन्हीकडून कापडाच्या गुंडाळ्या लावल्या. तिरडीवर घेताना बघितलं तर तोंड परत खांद्यावर. गुंडाळ्या जागच्या जागी. म्हाळसाबाई म्हणाली, असं मागं बघत माणसाला न्यायचं नसतं, आणि पुन्हा सरळ केली. स्मशानात ठेवलं तेव्हा पुन्हा तेच. मग कुणी हात लावायला तयार होईना. शिवराज म्हणाला, बघू द्या त्यांना. मी गेले होते तिथं, बाईनं जाऊ नये म्हणणारे गप्प बसले, कारण माझं तोंड तुला माहीत आहे. अग्नी दिला, मडकं फुटलं, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे सगळे मागं न बघता निघालो. निघालेल्यांच्या पाठी आणि त्या पाठींकडे बघणारे आप्पा. मला एकच वाटत होतं, की आपल्याकडे मागं वळायचं नाही म्हणतात, आणि तिकडे वळल्याशिवाय पुढं जायचं नाही म्हणतात, आणि माझा बाप दोन्हींच्या मधे अडकलाय.

दहाव्याला सीना नदीच्या काठावर गेलो. पिंड मांडले, शेंगाचटणी, भाकरी, चहा, विडी, सगळं त्यांच्या आवडीचं ठेवलं आणि लांब उभे राहिलो. कावळे होते, बाभळीवर भरपूर होते. एकही खाली येईना. शिवराजनं हात जोडून सांगितलं, काकूला मी अंतर देणार नाही. आईनं सांगितलं, पोरीचं लगीन लावून देईन. त्यावरही कुणी हललं नाही. माझ्या लग्नाची घाई आप्पांनाही नव्हती, हे मला तेव्हा कळलं आणि त्या जागीसुद्धा हसू आलं. ऊन चढत गेलं. मग एक कावळा उतरला. पिंडाच्या पलीकडे दगडावर बसला, आमच्याकडे पाठ करून, आणि मान मागं वळवून बसून राहिला. पिंडाकडे बघत नव्हता. आमच्याही पलीकडे, रस्त्याकडे बघत होता. काशम्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “उत्कर्षा, तुमच्या कापडावरलं पाखरू हे.” सगळ्यांनीच ओळखलं होतं, बोलली ती. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला, तो शिववला की काम उरकतं. आई म्हणाली, नको, दर्भाचा नको, त्यांना काहीतरी पाहिजे. तिनं गुरुजींच्या हातातून दर्भ काढून घेतला. दादा, मी आईला तसं कधी बघितलं नव्हतं.

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगते. मी पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, “आप्पा, दादा येईल. तुमची गाठ मी त्याला सांगीन, आणि तो परत येईल, तुमची राहिलेली घरं भरील.” तुला विचारलं नव्हतं. तू जिवंत आहेस, बरा आहेस, रागात आहेस, मला काही ठाऊक नव्हतं. शब्द तुझा होता, दिला मी. तो कावळा दगडावरून उडाला आणि पानाजवळ आला, पण पिंडाकडे तोंड करून बसला नाही. पाठ करून बसला, मान पार मागं नेली आणि पाठीमागचा भाताचा पांढरा गोळा चोचीत धरला. खाल्ला नाही. धरून उडाला, आणि नदीकडे नाही, रस्त्याकडे गेला. सगळे हात जोडून रडत होते, सुटलो म्हणून. मी रडले नाही, कारण मी काय करून बसले ते मला तेवढ्यात कळलं होतं. आता रोज दुपारी आप्पांच्या जेवायला यायच्या वेळेला आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसतो. रस्त्याकडे पाय, घराकडे वळलेली मान. कावळे सगळे सारखेच दिसतात, हे मलाही कळतं. पण हा भाकरी टाकली तर शिवत नाही, हाकलला तर उडत नाही. आई त्याला खिडकीतून “यील, यील रं” म्हणत असते आणि माझ्याकडे बघते. तुझी मला फार आठवण येते, दादा, ती याच्याशिवायही येते, हे वेगळं लिहायला हवं होतं. राग धरायचा असेल तर इथं येऊन धर. ग्राफ खाटेवर ठेवलाय, पेन्सिल त्यांनी ठेवली तिथंच आहे. तिकीट काढलंस की लगेच कळव. आम्ही थांबलो असतो, पण हे मागणं भिंतीवरच्याचंही आहे आणि त्याला मला सांगायचं आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
उत्कर्षा